स्वावलंबनाचा थोडासा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हवी तर एखादी पाककृती लिहून देते, असे म्हटले, तर त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत. तुमच्या घरी तुम्ही वन्संचे जे करता, त्याविषयी लिहा." तेव्हापासून हा विषय मनात घोळत होता. पण नुसते आपल्या घरचे रडगाणे गाऊन काय उपयोग? या विषयाला मोठा इतिहास आहे, असे मला अलीकडे कळले. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने ग्रंथालयातून पुस्तके आणून रात्रीच्या वेळी मला वाचून दाखवली, इंग्रजीतली मराठीत सांगितली. त्यातले जे मनात राहिले ते आपल्यापुढे ठेवते. चूकभूल पदरात घ्यावी.

आधी घरची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. माझ्या धाकट्या नणंदबाई आज एकोणचाळीस वर्षांच्या आहेत. जन्मताना मेंदूला इजा झाली, त्यामुळे हातपाय ताठ, चालता येत नाही, ऐकू कमी येते आणि बोलणे दोनचार शब्दांपुरते. अशा माणसाला हल्ली बहुविकलांग म्हणतात. सन २०१८ मध्ये सासूबाई वारल्या. जाण्यापूर्वी त्यांनी माझा हात धरून एवढेच म्हटले, "हिला उपाशी ठेवू नकोस." मी शब्द दिला आणि तो पाळलाही. सकाळी तोंड धुण्यापासून रात्री पांघरूण घालण्यापर्यंत सारे मी केले. शेजारीपाजारी माझी वाहवा करीत, आणि खोटे का बोलू, मलाही ते ऐकायला बरे वाटे.

सन २०२२ च्या पावसाळ्यात मी मोरीत घसरून पडले आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये. मुलगी मला भरवी. बिचारी प्रेमानेच भरवी, पण कॉलेजची घाई! घास गरम असे, मोठा असे, लोणचे हवे म्हणावे तर तोंडात पुढचा घास आलेला असे. चारपाच दिवसांनी मी चिडून ताट ढकलले. तेव्हा समोर खुर्चीत बसलेल्या वन्सं मोठ्याने हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला तत्काळ कळला. इतकी वर्षे त्यांना मी असेच भरवीत आले होते. ताट ढकलण्याची सोयही त्यांना नव्हती.

तेव्हापासून मी मुलीच्या मागे लागले, की अशी माणसे मोठी झाल्यावर जगात काय करतात, कशी राहतात, ते शोधून मला सांग.

ही गोष्ट अमेरिकेतल्या लॉरा ब्रिजमन नावाच्या मुलीपासून सुरू करता येते. लॉरा सन १८२९ मध्ये जन्मली. दोन वर्षांची असताना तिला लोहितज्वर झाला. त्या तापात दृष्टी गेली, ऐकणे गेले, वासही कळेनासा झाला. राहिला फक्त स्पर्श. अशा मुलाला शिकवता येते, यावर त्या काळी कुणाचा विश्वास नव्हता. पण बोस्टन शहरात पर्किन्स नावाची अंधांची शाळा होती. तिचे प्रमुख डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी सन १८३७ मध्ये लॉराला शाळेत आणले. चमचा, सुरी, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर त्यांनी उठावाच्या अक्षरांचे कागद चिकटवले. वस्तू चाचपायची, मग कागद चाचपायचा. आठवडेच्या आठवडे ही पोर नुसती नक्कल करीत होती. मग एके दिवशी तिला उमजले, की ही अक्षरे म्हणजे त्या वस्तूचे नाव. पुढे ती हातावर बोटांनी अक्षरे काढून बोलू लागली, लिहू लागली. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स सन १८४२ मध्ये तिला भेटून गेले आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले.

पण ही तिच्या लहानपणाची कथा झाली. मला कुतूहल होते ते लॉरा मोठी झाल्यावर तिचे काय झाले याचे. तिला शिवणकाम, विणकाम उत्तम येई. तिने विणलेल्या जाळीच्या पट्ट्या विकल्या जात. पुढे तिला माहेरी पाठवण्यात आले. घर शेतकऱ्याचे, कामाचा रगाडा. तिच्या हातावर अक्षरे काढून बोलायला कुणाला सवड होईना. दोन वेळचे जेवण होते, निवारा होता, आईबाप होते, तरीही ती खंगत चालली. शेवटी तिला परत शाळेत आणावे लागले. तिथेच ती सन १८८९ मध्ये वारली. भगिनींनो, हे ऐकताना माझ्या हातातले निवडणे थांबले. "उपाशी ठेवू नकोस" हा शब्द मी पाळला होता खरा; पण भूक काय एक पोटाचीच असते?

लॉराची कथा तिच्याबरोबर संपली नाही. डिकन्सचे ते पुस्तक चाळीसएक वर्षांनी अलाबामा प्रांतातल्या केट केलर या बाईंच्या वाचनात आले. त्यांची मुलगी हेलन आंधळी आणि बहिरी होती. पुस्तक वाचून त्यांना आशा वाटली. चौकशी करता करता पर्किन्स शाळेशी संबंध आला आणि सन १८८७ च्या मार्च महिन्यात ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका त्यांच्या घरी येऊन पोचली. ॲन स्वतः अनाथालयात वाढलेली, डोळ्यांनी अधू. बोटांची भाषा ती पर्किन्समध्ये शिकली होती आणि लॉराशी त्याच भाषेत बोलत असे. येताना तिने हेलनसाठी एक बाहुली आणली. त्या बाहुलीचे कपडे लॉराने आपल्या हातांनी शिवलेले होते.

हेलन केलरचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. पंपाखाली हात धरून "पाणी" हा शब्द शिकल्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. परंतु त्याआधीचा एक प्रसंग मला अधिक जवळचा वाटतो. हेलन जेवणाच्या टेबलाभोवती फिरे आणि ज्याच्या त्याच्या ताटात हात घालून खाई. घरचे लोक दया येऊन गप्प राहत. ॲनने एके दिवशी सर्वांना बाहेर काढले, दार लावले आणि हेलनला चमच्याने आपल्या ताटातले जेवायला लावले. हेलनने चमचा फेकावा, ॲनने तो पुन्हा हातात द्यावा, असे बराच वेळ चालले. आईबापांचा जीव तुटत होता. पुढे ॲनने हेलनला घेऊन काही दिवस बागेतल्या वेगळ्या घरात राहण्याची परवानगी मागितली. तिचे म्हणणे असे, की घरच्यांची माया मुलीच्या आड येते आहे.

हेलन सन १९०४ मध्ये पदवीधर झाल्या, पुस्तके लिहिली, देशोदेशी फिरल्या. सन १९५५ मध्ये त्या भारतातही येऊन गेल्या. तरी त्यांना मदत लागतच होती. ॲनबाई सन १९३६ मध्ये वारेपर्यंत त्यांच्यासोबत होत्या, नंतर पॉली थॉमसन या बाई. म्हणजे स्वावलंबी होणे म्हणजे कुणाचीच मदत न घेणे, असा अर्थ घेतला तर हेलन केलरही नापास ठरतील! आणि एवढ्या कर्तबगार बाईलाही एक गोष्ट मिळाली नाही. सन १९१६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना पीटर फेगन या आपल्या मदतनिसाशी लग्न करावयाचे होते. घरच्यांनी ते होऊ दिले नाही. जगाने डोक्यावर घेतले, पण "तुला काय हवे?" या प्रश्नाचे उत्तर घरच्यांनीच परस्पर देऊन टाकले. घरच्यांचे वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केले असते. म्हणून तर भीती वाटते.

लॉरा आणि हेलन यांना शिकवणारी माणसे भेटली. पण ज्यांची बुद्धीही मंद होती, अशा हजारो प्रौढ माणसांना युरोप-अमेरिकेत मोठमोठ्या कोंडवाड्यांसारख्या संस्थांत ठेवीत. त्यात बदल सुरू झाला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. सन १९५९ मध्ये डेन्मार्क देशात एक कायदा झाला. बँक-मिकेलसन या अधिकाऱ्याने त्यात पुढाकार घेतला होता. अशा माणसांचे आयुष्य होता होईल तो चारचौघांसारखे असावे, हे त्यामागचे तत्त्व. पुढे सन १९६९ मध्ये स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी त्याचे बारकावे सांगितले. त्यातला एक बारकावा फार साधा आहे: सेवकांची सोय म्हणून मोठ्या माणसाला धाकट्या भावंडांच्याही आधी निजवू नये. आमच्या घरी वन्संना मी साडेआठला निजवीत असे. का? तर माझे आवरून झालेले असे. घरातली इतर माणसे दहापर्यंत दूरदर्शनसमोर बसत आणि वन्सं अंधारात जाग्या असत.

त्याच सुमारास अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे एक शिक्षक होऊन गेले. ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असे शिक्के बसले होते, अशा माणसांना त्यांनी सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. त्यांची युक्ती अशी, की कामाचे अगदी लहान लहान तुकडे पाडावयाचे, तोंडाने फार बोलावयाचे नाही, आणि लागेल तेवढीच मदत करून ती हळूहळू काढून घ्यावयाची. शिकणाऱ्याला जमले नाही तर दोष त्याच्या डोक्याला द्यावयाचा नाही. शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावयाची. आपण मुलीला पोळी लाटायला शिकवतो तेव्हा दुसरे काय करतो? आधी नुसते पीठ मळू देतो, मग गोळे, मग आपल्या हाताखाली तिचा हात, आणि एके दिवशी आपला हात नाहीसा होतो.

आता एड रॉबर्ट्स यांची गोष्ट. सन १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ सारे शरीर लुळे पडले. श्वास चालावा म्हणून पिंपासारख्या एका यंत्रात झोपावे लागे. त्यांची आई झोना मोठी खंबीर बाई. मोटार चालवण्याचा आणि व्यायामाचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही म्हणून शाळा दाखला देईना, तेव्हा तिने भांडून तो मिळवला. अपंगांना शिक्षणासाठी साहाय्य करणाऱ्या सरकारी खात्याने आधी शेरा दिला, की हा मुलगा नोकरीच्या लायक होणे शक्य नाही. तरी सन १९६२ मध्ये ते बर्कले येथील विद्यापीठात दाखल झाले आणि ते यंत्र मावेना म्हणून तिथल्या इस्पितळातच राहिले. सन १९७२ मध्ये एड आणि त्यांच्या सोबत्यांनी बर्कलेत एक केंद्र काढले. तिथला नियम आपल्याला उलटा वाटेल. मदतनीस कुणाला ठेवायचे, किती वाजता उठवायचे, आज कुठे जायचे, हे ज्याचे शरीर लुळे आहे तोच ठरवणार. हात दुसऱ्याचे, पण हुकूम आपला. आणि योग असा, की सन १९७५ मध्ये कॅलिफोर्निया प्रांताच्या त्याच सरकारी खात्याचे प्रमुख म्हणून एड रॉबर्ट्स यांचीच नेमणूक झाली.

कुणी म्हणेल, ही सारी गोऱ्यांच्या मुलखातली कथा. तसे नाही. मुंबईत सन १९४४ मध्येच जय वकील या बाईंनी मंदबुद्धी मुलांची शाळा सुरू केली होती. सन १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला हाच विकार. हातपाय स्वाधीन नाहीत, बोलणे लोकांना उमगत नाही. ही मुलगी एका करंगळीने टंकलेखन करीत झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाली, विलायतेत जाऊन शिकली, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली आणि त्या करंगळीवरच आपल्या आत्मचरित्राचे नाव ठेवले. जी मुले बहिरीही आहेत आणि आंधळीही, त्यांच्यासाठी सन १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांनी मुंबईत संस्था काढली आणि तिला हेलन केलर यांचे नाव दिले. लॉराने शिवलेल्या बाहुलीच्या कपड्यांचा धागा असा मुंबईपर्यंत येऊन पोचला. आमच्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे "चाकाची खुर्ची" तर आपल्यापैकी कित्येकींनी वाचले असेल.

कायदेही झाले. स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात झालेल्या, मतिमंद आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी सन १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. आईबापांच्या पाठीमागे पालक कोण, हे ठरवण्यासाठी त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अशा व्यक्तीला आपल्याच लोकांत, आपल्या गावाजवळ, होईल तितके स्वतंत्रपणे जगता यावे, असा त्या न्यासाचा हेतू कायद्यातच लिहिलेला आहे. सन २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार मान्य केला. कुठे राहावे आणि कुणाबरोबर राहावे हे निवडण्याचा हक्क त्यात दिला आहे. सन २०१६ च्या कायद्यात तर पालकानेही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या विश्वासाने निर्णय घ्यावा, असे म्हटले आहे. कागदावरचे सारेच घरात उतरते असे नाही. आमचा पालकत्वाचा अर्ज करावयाचा आहे, त्याला लागणारी कागदपत्रे गोळा करताना किती खेटे घातले ते मलाच ठाऊक. पण कायद्याने आपल्याला विचारलेला प्रश्न तर बरोबर आहे.

आता पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात येते. प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघींनी चमचा हाती घेतला. चमच्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून तो जाड केला. वाटी सरकू नये म्हणून खाली ओले फडके ठेवले. खुर्चीला उशी लावली. आधी नुसता चमचा धरणे, मग भातात घालणे, मग उचलणे. माझा हात त्यांच्या मनगटावर, मग कोपरावर, मग नुसता पाठीशी. आठ महिने लागले. आज वन्सं गुरगुट्या भात आपल्या हाताने जेवतात. निम्मा खाली सांडतो. पुसायला फडके लागते आणि जेवायला पाऊण तास लागतो. पूर्वी दहा मिनिटांत होत असे. घाईच्या दिवशी मी अजूनही भरवते, हेही कबूल करते.

दुसरे म्हणजे विचारणे. एके रात्री मी एका वाटीत दूधभात आणि एका वाटीत आमटीभात ठेवला आणि "कुठले हवे?" असे मोठ्याने विचारले. बराच वेळ गेला. मग त्यांनी आमटीभाताकडे पाहिले आणि दूधभाताची वाटी कोपराने लोटून दिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सासूबाईंच्या वेळेपासून त्यांना रोज रात्री दूधभात दिला जात होता, कारण तो पचायला हलका आणि भरवायला सोपा. भगिनींनो, त्यांना दूधभात आवडत नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही आम्ही विचारले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

आपल्यात नणंद वयाने लहान असली तरी तिला वन्सं म्हणतात, अहोजाहो करतात. मीही पहिल्या दिवसापासून केले. पण तोंडाने मान द्यावयाचा आणि वागवावयाचे मात्र तान्ह्या मुलासारखे, असा माझा प्रकार होता. त्या एकोणचाळीस वर्षांच्या बाई आहेत, हे मला त्या वाटीने सांगितले.

माझ्या पाठीमागे यांचे कोण करणार, ही चिंता अजूनही आहे. मुलगी उद्या सासरी जाईल, यजमानांचे वय होत चालले आहे. या चिंतेचे उत्तर मला इतिहासातही मिळाले नाही. एवढे मात्र समजले, की जे वन्सं आपल्या हाताने करू शकतील आणि जे त्या आपल्या मनाने सांगू शकतील, तेच माझ्या पाठीमागे त्यांच्याबरोबर राहील. बाकीचे माझ्याबरोबर जाईल.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या सभागृहाला वीस पायऱ्यांचा जिना आहे. त्यामुळे इतक्या वर्षांत वन्संचे पाऊल मंडळात पडलेले नाही. यंदाचे हळदीकुंकू खाली अंगणात ठेवता आले तर मी त्यांना खुर्चीवर घेऊन येईन. त्यांना वाण देताना एक करावे. बांगड्या हिरव्या हव्यात की लाल, हे मला विचारू नये. दोन्ही त्यांच्यापुढे धरून त्यांनाच विचारावे. उत्तराला वेळ लागेल. तेवढे कृपा करून थांबावे.